साहेबांनी दाजींना विचारलं

माझे दाजी लालासाहेब हवालदार होऊन फौजेतून निघाले, पण फौज काही त्यांच्यातून निघाली नाही. साताऱ्याच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या गेटवर ते आता सिक्युरिटीला आहेत. ड्रेसची इस्त्री अशी, की मालकाचा ड्रायव्हरसुद्धा गेटपाशी आला की सावरून बसतो. आणि प्रत्येक गोष्ट 'चॅनेलनं', म्हणजे खालच्याकडून वरच्याकडं अशी, व्हायला पाहिजे. म्हैस आजारी पडली तेव्हा जनावरांचा डॉक्टर दारात उभा, आणि हा माणूस आधी त्याच्या कंपाउंडरला हकिकत सांगत होता. तेव्हा आम्ही पोट धरून हसलो.

त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची स्वप्नाली, कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये सुटे भाग तपासायच्या कामाला आहे. तिथंच जवळ खोली करून राहायची. गेल्या वर्षी घरमालकाचा मुलगा दिग्विजय रजेवर आला. तोही फौजेत, नायकाच्या हुद्द्यावर. एका संध्याकाळी ती कामावरून येताना त्यानं तिला जिन्यात गाठलं, तोंड दाबलं, ड्रेस फाडला. ती त्याच्या हाताला कडकडून चावली आणि ओरडली. खालचे भाडेकरू धावले म्हणून सुटली. मी सांगलीला हळदीच्या अडतीवर असतो. तिचा फोन आला तसा निघालो आणि आम्ही थेट पोलीस ठाणं गाठलं. विनयभंगाचा गुन्हा दाखल झाला, त्याला अटक झाली. इथपर्यंत सगळं सरळ होतं.

मग त्याच्या युनिटनं कोर्टाला कळवलं, आरोपी आमचा आहे, खटला आम्ही चालवू. खून किंवा बलात्कार असता तर खटला असा फौजेकडं नेता आला नसता म्हणे. विनयभंगाचा खटला मात्र नेता येतो. आमचे वकील म्हणाले, "मॅजिस्ट्रेट मानतील न मानतील, आपण हरकत घेऊ." मी लगेच हो म्हणालो. दाजी भडकले.

"हरकत कशापायी? हितं नुसत्या तारखा पडत्यात. पोरगी म्हातारी हुईल. फौजेत सा म्हैन्यात निकाल लागतू. आन असल्या बाबतीत फौज लय कडक हाय, गड्या."

"आवं दाजी, त्येचाच साहेब त्येचा न्याय करनार व्हय?"

"साहेब म्हंजी मायबाप. पोरगं चुकलं तर बाप हानतोच की."

"त्येच्या पोराचा मायबाप. आपल्या पोरीचा कोन?"

तरी त्यांनी हट्ट सोडला नाही. स्वप्नाली म्हणाली, "आबा म्हनतील तसं करू." हरकत घेतलीच नाही, खटला फौजेकडं गेला. आपलंच नाणं खोटं, तिथं दुसऱ्याला काय बोलणार?

साक्षीसाठी बोलावणं आलं ते पार उत्तरेतल्या छावणीतून. आम्ही तिघं गेलो. दाजींनी कोटाला मेडलं लावली होती, जणू परेडला निघाले होते. न्याय करणारा एकटा कमांडिंग ऑफिसर. बाजूला दोघं बसलेले, पण निकालात त्यांचं मत धरत नाहीत. स्वप्नालीच्या बाजूनं वकील नाही. तिनं आपलं मोडकंतोडकं हिंदी जुळवायचं, आणि समोर ज्यानं तोंड दाबलं तो कडक युनिफॉर्ममध्ये उभा. दारातून आवाज ऐकू येत होता. आधी ओळख होती का? जिन्यात दिवा होता का? मग पुन्हा, आधी ओळख होती का? मी बाकावर बसून नुसता दात खात होतो.

मध्ये सुट्टी झाली आणि साहेब बाहेर आले. दाजी उभे राहिले, टाच टाचेला लागली. "राम राम, साहब!"

साहेबांनी मेडलं बघितली. पलटण विचारली, कुठंकुठं होतात विचारलं, आम्हाला चहा मागवला. खोटं कशाला बोलू, माणूस अदबशीर होता. चहा पिता पिता म्हणाला, "हवालदार साहब, लड़के की इतने साल की नौकरी है। घर में बूढ़े माँ-बाप हैं। आप तो पुराने सिपाही हैं, आप क्या कहते हैं?"

माझ्या हातातला कप थांबला. आता बोला दाजी, आता तरी बोला!

"जैसा आप ठीक समझें, साहब," दाजी म्हणाले.

त्यांचं आयुष्य गेलं होतं साहेबांना हेच उत्तर देण्यात. दुसरं उत्तर त्यांना येतच नव्हतं. कपाळावर हात मारून घ्यावा की त्यांचा कोट धरून गदागदा हलवावं, मला कळेना.

त्याच दिवशी निकाल लागला. गुन्हा शाबीत. शिक्षा काय, तर सक्त ताकीद. तुरुंग नाही, नोकरीला धक्का नाही. साहेबांनी स्वप्नालीला समजावलं, तुमच्या वडिलांशीही मी बोललोय.

परतताना रेल्वेत दाजी म्हणाले, "सर्व्हिस बुकात रेड इंक एन्ट्री झाली त्येची. परमोशन गेलं बग."

लाल शाई! माझ्या भाचीच्या अंगाला हात घातला आणि त्याला लागली काय, तर लाल शाई! मी तोंडाला येईल ते बोललो. डब्यातली माणसं बघायला लागली. स्वप्नाली खिडकीकडं तोंड करून बसली होती.

सांगलीत वकिलांना पुन्हा गाठलं. ते म्हणाले, एकदा शिक्षा झाली, त्याच गुन्ह्याला आता दुसरा खटला नाही. मी दाजींकडं बघितलंसुद्धा नाही.

यंदा दिग्विजय परत रजेवर आला. स्वप्नालीनं खोली केव्हाच बदलली होती, पण कुपवाड ते केवढं! रोज वर्कशॉप सुटायच्या वेळी तो कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यावर मोटरसायकल लावून बसायला लागला. बोलत नव्हता, हसायचा. दाजींना कळलं तसे ते साताऱ्याहून आले आणि मला घेऊन तिच्या खोलीवर गेले.

"नोकरी सोड. घरला चल," ते म्हणाले.

"मी का सोडू? मी काय केलंय?"

"तसं न्हाई गं. आता आपल्या हातात काय ऱ्हायलंय?"

"तवा हुतं की, आबा. साहेबानं तुमास्नी इचारलं. मला कुनीच न्हाई इचारलं, तुमी बी न्हाई. साहेब, माज्या पोरीला इचारा, येवढंच म्हनायचं हुतं."

 दाजी म्हणाले, "तू सांग बाळ, काय करू?"

"आता इचारताय व्हय," ती म्हणाली आणि डबा घेऊन कामावर गेली.