अकरा घरांचा चहा
आल्याच्या चहाचा वास आला, की ताईच्या लग्नाच्या पत्रिका आठवतात. वडील दिवसभर इंदिरानगरात पत्रिका वाटत फिरले आणि संध्याकाळी छातीत धडधड घेऊन थेट दवाखान्यात. ठोके आवरायचं इंजेक्शन देऊनही मॉनिटरवरची रेघ तशीच धावत होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, आज चहा किती झाला?" "अकरा घरं झाली. लग्नघरच्यानं नाही कसं म्हणायचं?" "अहो, हे औषध हृदयात ज्या जागेवर बसतं, तिथे तुमचा चहा आधीच जाऊन बसलाय!" वाढीव डोस दिला आणि रेघ क्षणभर सपाट झाली. मग ठोके परतले, सावकाश. चहाला हृदयातली ती जागा कशी सापडते, याचं मला अजून नवल वाटतं. आता कुणी पत्रिका घेऊन आलं, की आधण ठेवण्याआधी विचारते, "आमचं कितवं घर?"