खेळतीया म्हंजे बरी झाली!

दवाखान्यात पोरांना उचलून ऑपरेशनच्या खोलीत न्यायचं, हे माझं काम असायचं. इंग्रजांच्या राज्यातले किस्से डोक्यात साठलेत. एक सांगाय गेलो की दुसरा मधीच घुसतो! शाळा शिकलो नाही, त्यामुळं काहींचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

*

आमच्या बेळगावच्या दवाखान्यात नवी नर्सबाई आली. तिनं पोरांच्या वॉर्डात गजगे, म्हंजे सागरगोटे, आणि चिंध्यांच्या बाहुल्या आणून ठेवल्या. "मल्लू, ऑपरेशनची वाट बघणाऱ्या पोरांना रोज खेळवायचं," म्हणाली.

"बाई, आजारी माणसानं पडून ऱ्हायचं का खेळायचं?"

"पडल्या पडल्या खेळायचं!"

मी खाटंखाटंवर बाहुल्या वाटाय लागलो.

*

एकदा डॉक्टर-डॉक्टर खेळताना पोरांनी मलाच पेशंट केलं. पाय, डोकं, सगळं पट्ट्यांनी गुंडाळलं. खानापूरची एक आजी नातवाला भेटाय आलती. मला बघून हळहळली. नातवाचा लाडू माझ्या हातात ठेवला. "खा रं बाबा, कोण हाय तुला?"

खरं सांगावं का लाडू खावा, कळंना! पोरं हसली, तर आजी त्यांच्यावरच डाफरली.

*

येळ्ळूरच्या भरमाण्णाची लहानगी तुळसा. पायाच्या हाडात पू झालेला. ऑपरेशन लांबलं तर पाय कापावा लागेल, असं डॉक्टर म्हणालेले. पोरगी भिऊन खाटेखाली दडायची. गजग्यांच्या नादानं बाहेर आली, खदखदून हसाय लागली.

बापानं ते बघितलं. "खेळतीया म्हंजे बरी झाली की!" तिला खांद्यावर टाकून निघालाच. मी पळत जाऊन खडेबाजारात गाठलं.

"अण्णा, पाय अजून तसाच हाय!"

"मग खेळाय कशाला लावलंसा?"

मला तरी कुठं ठाऊक! तेवढ्यात खांद्यावरनं तुळसाच ओरडली, "आप्पा, माघारी फिरा! माझा डाव अर्धा ऱ्हायलाय!"

बाप वळला.

*

ऑपरेशनच्या दिवशी मी तिला आत नेलं. टेबल बघितलं अन् माझ्या गळ्याला जी चिकटली ती सुटंना. आमचे डॉक्टर कानडी, कडक, मराठी मोजकं. वाटलं, आता खेकसणार.

तुळसा त्यांना म्हणाली, "आधी तुम्ही झोपा."

डॉक्टर माझ्याकडं बघू लागले, मी त्यांच्याकडं. मग खरंच टेबलावर चढून आडवे झाले!

तुळसानं वाकून विचारलं, "भ्या वाटतंय?"

"होय," डॉक्टर म्हणाले, "स्वल्प."

"मग उतरा खाली. मी दावते कसं झोपायचं ते!"