पीठ घरचं, चूल घरची

संजीवनी म्याडम सकाळी आल्या की खांद्यावरची पर्ससुदिक न काढता उबेच्या कपाटाचं दार उघडायच्या आन् आत इचारायच्या, "जेवलात का रे?" आत मानूस न्हाई. चपट्या बाटल्या, त्यात लालसर पानी, आन् त्याच्या बुडाला मानसाच्या लिव्हरच्या पेशी, डोळ्याला न दिसनाऱ्या. मी चिखलीची. जमिनी गेल्या, धनी गेलं, तवा चाकनच्या ह्या लॅबमधी काचसामान धुवायला लागले. पैल्या दिवशी वाटलं, बाई शिकून येडी झालीया.

लई दिसांनी धीर करून इचारलं, "म्याडम, ह्यास्नी खायला घालून काय गावनार?"

म्हनल्या, "मावशी, काविळीचा विषाणू रिकाम्या हातानं येतो. दार पेशीचं, चूल पेशीची, पीठही तिचंच. तिच्याच हातून आपल्या भाकरी थापून घेतो. त्याला घरातलं नेमकं काय लागतं, ते शोधतेय. ते काढून घेतलं की तो उपाशी."

"मग घ्या की काढून."

"चूल विझवली तर घरचेही मरतात ना. तिथंच घोडं अडतं."

सात वर्सं मी ते घोडं अडलेलंच बगितलं.

मधी माज्या पोराच्या, दत्ताच्या कंपनीत सगळ्यांची तपासनी झाली. त्याच्या रक्तात बी नावाची कावीळ निगाली. मी घरी त्याचं ताट-तांब्या येगळा केला, खिडकीत ठिवला. सुनंला सातवा लागलेला. ती म्हनली, "आत्या, ताट काय चावतंय का?" दत्ता ताट घिऊन दाराशी बसायचा.

म्याडमना सांगितलं तर त्यांचा हात थांबला. "ताट कशाला वेगळं? ही कावीळ जेवणातून जात नाही, रक्तातून जाते. बाळंतपणात आईकडून बाळाला जाते. मावशी, तुमचं रक्त तपासलंय कधी?"

तपासलं. माज्यातबी तीच. डाक्टर म्हनला, पोराला भौतेक तुमच्याकडनंच, जन्माच्या येळंला. तीस वर्सं मला ना कळ, ना ताप.

दुसऱ्या दिशी मोरीपाशी निस्ती हुबी व्हते. म्हनलं, "म्याडम, चोर मीच निगाले. आन् ताट पोराचं येगळं केलं."

त्यांनी नळ बंद केला. "चोरानं घरातलं पीठ वापरलं म्हणून घरधनीण चोर होत नाही. इतकी वर्षं ह्या पेशी बघतेय, एकीवरही राग धरला नाही मी. आता रडत बसू नका. सूनबाईंची तपासणी करा. बाळ झालं की त्याच दिवशी लस. विसरायचं नाही."

सुनंचं रक्त चांगलं निगालं. नातीला जन्मल्या दिशीच लस दिली. दत्ता रोज गोळी घेतो. मी सा म्हैन्यांनी रक्त दिऊन येते.

औंदा म्याडमचं काम कंपनीनं बंद केलं. शेवटच्या दिशी मी इचारलं, "गावलं का, त्याला काय लागतं ते?"

"दोन गोष्टी सापडल्या, मावशी. दोन्ही घरच्यांनाही लागतात." हसल्या, पर लई दमलेल्या. सवयीनं कपाट उघडलं. आत काय नव्हतं. काय न इचारता दार लावलं आन् गेल्या. मी ऱ्हायलेल्या बाटल्या धुतल्या.

खिडकीतलं ताट कवाच मांडनीत गेलंय. दत्ताचं कुटलं, आता मलाबी वळकू येत न्हाई.