संत्र्याच्या झाडासारखा उपाशी

माझ्या वडिलांकडचे पुरुष पंचावन्नच्या आत उरकतात आणि आईकडची माणसं जायचं नावच घेत नाहीत. वडील, मोठे काका, धाकटे काका, तिघेही हृदयानं गेले आणि तिघेही घाईघाईत. उलट आई ऐंशीची आहे, नागपूरला माझ्या भावाकडे असते आणि सुईत दोरा स्वतः ओवते. तिचे थोरले भाऊ, म्हणजे माझे मामा, नव्वदचे. ते तिगावजवळच्या त्यांच्या शेतात राहतात आणि संत्र्याची वाळकी फांदी अजून स्वतः कापतात. या दोन घराण्यांच्या मध्ये मी उभा. सौंसरच्या शाळेत विज्ञान शिकवतो, पोट सुटलंय, आणि लग्नाकार्यात भेटेल तो एकच सांगतो, अगदी बापावर गेलास.

लोक हे कौतुकानं म्हणतात आणि मला घाम फुटतो. लांब कानाचा माणूस दीर्घायुषी, असं आमच्याकडे मानतात. मामांचे कान चांगले लोंबते. एकदा मी शाळेतली पट्टी घरी आणली आणि आरशासमोर उभा राहून स्वतःचे कान मोजले. डावा उजव्यापेक्षा दोन मिलिमीटर लांब निघाला. मला इतका आनंद झाला की दिवसभर मी डावी बाजू आईची धरून चाललो. संध्याकाळी बायकोनं विचारलं, मान अवघडली का.

मागच्या दिवाळीनंतर रक्त तपासलं तर साखर वाढलेली निघाली. डॉक्टरांनी गोळी दिली, चालायला सांगितलं, गोड आणि मैदा बंद करायला सांगितलं, आणि तीन महिन्यांनी या म्हणाले. त्यांचे तीन महिने आणि माझे तीन महिने वेगळे होते. वडील गेले तेव्हा ते त्रेपन्न वर्षं, चार महिने, अकरा दिवसांचे होते. माझा तेवढ्याच वयाचा दिवस फेब्रुवारीत येत होता. वहीच्या शेवटच्या पानावर मी तोवरचे दिवस लिहून ठेवले होते आणि रोज सकाळी एक खोडत होतो. हे कुणालाच सांगितलं नव्हतं. मी घाबरलो होतो. विज्ञानाच्या मास्तराला असली भीती शोभत नाही, पण भीती काही शोभेसाठी येत नाही.

तेव्हा मी ठरवलं की नुसत्या गोळ्यांवर विसंबून बसायचं नाही, नव्वदपर्यंत जायची वाट ज्याला माहीत आहे त्यालाच गाठायचं. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी वही-पेन घेऊन मी पांढुर्ण्याची बस धरली आणि तिथून तिगावकडे मामांच्या शेतात जाऊन धडकलो. आमच्या भागात मामा भाच्याच्या पाया पडतो. भाचा मानाचा. मामा नव्वदीतही ही रीत मोडत नाहीत. गुडघे न वाकवता सरळ खाली जातात, माझ्या बोटांना हात लावतात आणि तसेच सरळ वर येतात. मी मात्र बुटाची नाडी बांधायला खुर्ची शोधतो.

दिवसभर मी त्यांच्या मागे मागे फिरून लिहीत होतो. सकाळी ज्वारीची शिळी भाकर, जवसाची चटणी, ताक. लिहिलं. दुपारी भाकर, तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी, कच्चा कांदा. लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या. मग मामांनी गुळाचा लिंबाएवढा खडा तोंडात टाकला. माझं पेन थांबलं. चहात तीन चमचे साखर, आणि असा चहा चार वेळा. मी ते लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. संध्याकाळी गळून पडलेली संत्री गोळा करता करता त्यांनी सात खाल्ली. मी विचारलं की मामा, तुमच्या तब्येतीचं नेमकं गुपित काय. ते म्हणाले की ज्यांना ठाऊक होतं ते सगळे गेले, आता कुणाला विचारावं.

एक गोष्ट मी लिहिली नाही, पण ती माझ्या डोळ्यांपुढून हलेना. मामा एक भाकर खायला पाऊण तास घेतात. मांडी घालून बसतात, भाकर मोडतात, बांधाकडे बघतात, परत मोडतात. वडील कधी बसलेच नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून जेवायचे, खांद्याला पिशवी, कान छिंदवाड्याच्या बसकडे. मी ताटावरून म्हणायचो, बाबा बसा ना. ते म्हणायचे, उद्या बसतो. मी चौदा वर्षांचा होतो तेव्हा ते गेले, आणि त्या सकाळीसुद्धा ते हेच म्हणून निघाले होते. एवढ्या वर्षांत माझा त्यांच्यावरचा राग गेला नव्हता. मीही उभ्यानंच जेवतो, हे मला त्या दिवशी मामांच्या शेतात मांडी घालता येईना तेव्हा कळलं.

परत निघताना मामांनी मला बाग दाखवली. झाडं मलूल दिसत होती, पानं खाली लोंबलेली. मी घाबरून विचारलं, रोग पडला का. रोग नव्हता. आंबिया बहारासाठी ताण दिला होता. आमच्याकडे संत्र्याचं झाड फुलवायचं तर आधी त्याचं पाणी तोडतात. महिना-दीड महिना थेंब देत नाहीत.

"बापू, रोज पाणी देलं तं झाड पानावरच राह्यते," मामा म्हणाले. "पाणी तोडलं का त्याले वाटते आता आपलं काई खरं नाही. मंग फुलते."

मी हे लहानपणापासून ऐकत आलो होतो. पण त्या दिवशी ते थेट डोक्यात शिरलं. अरेच्चा, मी पन्नास वर्षं नुसता पानावरच राहिलो होतो. रोज पाणी, रोज खत, वर शाळेच्या मधल्या सुट्टीतली कचोरी. माझ्या देहाला कधी वाटलंच नव्हतं की आपलं काही खरं नाही. परतीच्या बसमध्ये मी मोठ्या आनंदानं वहीत लिहिलं, ताण सुरू.

घरी येऊन जाहीर केलं की उद्यापासून सकाळी कोमट पाणी, दुपारी अर्धी भाकर, रात्री काही नाही. बायकोनं माझ्याकडे वरून खाली पाहिलं. तिचं माहेर पांढुर्ण्याचंच, बागाईतदाराचं. ती म्हणाली, "बाई गं. तुमाले बहार फुटंन तरी कुठून?"

पहिले तीन दिवस वाईट गेले. चौथ्या दिवसापासून मात्र मी तरंगायला लागलो. अंग हलकं, डोकं हलकं, सगळं जग कसं स्वच्छ धुतलेलं. वर्गात प्रकाशसंश्लेषण शिकवताना मला पानांचा असा हेवा वाटला की मी मुलांना म्हणालो, बघा, नुसत्या उन्हात उभं राहून जेवण होतं, भांडी घासायची नाहीत. मुलं हसली, मी जास्त हसलो, आणि मग मला हसू आवरेना. सातव्या दिवशी कमरेचा पट्टा एक भोक आत गेला. आठव्या दिवशी मी शाळेचे जिने गाणं म्हणत चढलो. मुख्याध्यापकांनी विचारलं, काही आनंदाची बातमी आहे का. शनिवारी बायको मला जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला घेऊन गेली. मला वाटलं सोबत म्हणून. नंतर कळलं की माझ्या डोक्यावर परिणाम झाला असावा अशी तिला शंका होती.

चौदाव्या दिवशी, पुन्हा रविवारी, पट्ट्याचं दुसरं भोक मामांना दाखवायला मी तिगावला गेलो. ते बागेतच होते. मला पाहताच नेहमीसारखे सरळ खाली वाकले. मला वाटलं, आज आपणही हलके झालो आहोत, आज आपण त्यांना मध्येच धरू आणि आपणच त्यांच्या पाया पडू. मी झटक्यात वाकलो. दोघांची डोकी एकमेकांवर आपटली, झाडं गोल फिरली, आणि मी संत्र्याच्या बुडाशी कोरड्या आळ्यात जाऊन बसलो. तिथून उठता येईना. मला त्याचंही हसू येत होतं. मामा कपाळ चोळत उभे होते, त्यांना काहीच झालं नव्हतं.

त्यांनी माझी खालची पापणी अंगठ्यानं ओढून पाहिली, हात उलटा करून नखं पाहिली, जसं पान उलटून पाहतात. मग विचारलं, किती दिवस झाले. मी सगळं सांगितलं.

"ताण धडधाकट झाडाले देतेत बापू," ते म्हणाले. "डिंक्या लागलेल्या झाडाले कोनी ताण देते का? तुले साखर हाय. गोळी चालू हाय. लेकरायले शिकवतं तू, अन् येवढं समजलं नाही?"

खरं तर बागाईतदाराचं शेंबडं पोरही हे जाणतं. रोगट झाडाचं पाणी कुणी तोडत नाही. मी पहिला नियमच विसरलो होतो आणि वर मधुमेहाची गोळी रिकाम्या पोटी घेत होतो. मामांनी सांगितलं की ताण मोडतानाही पहिलं पाणी हलकंच देतात, एकदम भरपूर दिलं तर झाड दगावतं. त्यांनी मला आधी त्याच गुळाचा छोटा खडा चघळायला दिला. मग पातळ ताक, मग ज्वारीची आंबील, पाव वाटी, थांबून पाव वाटी. मी आळ्यात बसूनच ते प्यालो. इतकं चविष्ट मी आयुष्यात काही प्यालेलो नाही.

मी आपटलो तेव्हा वही माझ्या पिशवीतून बाहेर पडून उलटी उघडली होती. मामांनी शेवटचं पान पाहिलं. आकडे, आणि त्यांवर मारलेल्या रेघा. हे काय, म्हणून विचारलं. डोकं हलकं असल्यामुळे असेल, मी खरं सांगून टाकलं. की हे वडिलांच्या वयाला पोचायला उरलेले दिवस आहेत. की त्या दिवसाच्या पुढे आपण जाणार नाही असं मला वाटतं. की सगळे म्हणतात मी बापावर गेलोय.

मामांनी ते हसण्यावारी नेलं नाही. शेजारच्या झाडाच्या बुडाशी हात ठेवून ते म्हणाले की खाली खुंट जंभेरी लिंबाचा आहे, वर कलम करून डोळा संत्र्याचा बांधलाय. फळ पाहून लोक झाडाला संत्रा म्हणतात, खुंट कुणाला दिसत नाही. माझ्यात आईकडचं किती आणि बापाकडचं किती, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. पण पाणी किती द्यायचं ते तरी आपल्या हातात आहे, असं म्हणून त्यांनी मला फेब्रुवारीतल्या त्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी जेवायला बोलावलं. मुहूर्तावर बोलावतात तसं बोलावलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मला जे सुनावलं ते इथं लिहीत नाही. त्यांनी गोळीचं प्रमाण आणि जेवणाच्या वेळा नीट लावून दिल्या. मी रोज सकाळी रेल्वे फाटकापर्यंत चालू लागलो, ज्वारीवर आलो, कचोरी सोडली, आणि ठरल्या वेळी जेवू लागलो. साखर हळूहळू खाली आली. फार नाही, पण आली. यात सांगण्यासारखं नवल काहीच नाही, आणि त्याचंच मला फार नवल वाटतं.

फेब्रुवारीतला तो दिवस सरला आणि दुसरा उजाडला तेव्हा मी पहाटेच जागा होतो. दोन बोटं मनगटावर ठेवून नाडी मोजली. चालू होती. बायकोला सगळं सांगितलं. ती माझ्यावर चिडली, मग रडली, मग तिनं डबा भरला. आम्ही दोघं तिगावला पोचलो तर बाग पांढरी झाली होती. पानं दिसेनात इतकी फुलं, आणि त्या वासानं मधमाश्यांना काही सुचत नव्हतं. मलाही सुचत नव्हतं. मी झाडाझाडाला हात लावत लहान मुलासारखा फिरलो. बायको मागून म्हणत होती, हळू, पडाल.

झाडाखाली जेवणाची पानं वाढली. भाकर, वांग्याचं भरीत, ठेचा, ताक. मामांनी एक संत्रं सोलून निम्मंच मला दिलं, साखरेचं ध्यान ठेवून. मी सवयीनं उभाच होतो. तो दिवस वहीतल्या आकड्यांपेक्षा एकानं जास्त होता. माझ्या वडिलांना तो मिळाला नव्हता.

मामा बसल्या बसल्या म्हणाले, "आजपासून तो लहान हाय तुह्याहून. लहान्यावर राग नाही धरत बापू."

मला आधी हसू आलं. खरंच की, त्रेपन्न वर्षांचा एक घाईतला माणूस, खांद्याला पिशवी, आणि आता मी त्याच्यापेक्षा वडील. हसता हसताच मी पानासमोर आलो. मी मांडी घातली. दुखली, पण बसली. शेजारी थोडी जागा ठेवली आणि जन्मात पहिल्यांदा वडिलांना मनातल्या मनात एकेरीत म्हणालो, बस रे, जेवून घे, बस जाऊ दे.