ओळ ऐकायची बटणं

सकाळी अकराच्या सुमाराला काष्टीहून एका मुलीचा फोन आला. मी बेलापूरला घरूनच प्रोग्रामिंगची कामं करते. कोड लिहायच्या एडिटरला जोडता येईल असं एक लहानसं प्लगिन मी लोकांसाठी मोफत ठेवलं होतं. माझा नंबर तिला तिथंच मिळाला.

"ताई, मला दिसत न्हाई," ती म्हणाली. "मी ओळी ऐकून काम करते. कालपासून ओळ ऐकायला बटणं दाबली, की ती ओळच पुसली जाते."

कंट्रोल, आल्ट आणि एल. तिला ओळ वाचून दाखवणारं दुसरं एक प्लगिन होतं, त्याची हीच बटणं होती. कालच्या अपडेटमध्ये त्याच बटणांवर मी ओळ पुसायचं काम ठेवलं होतं. एल म्हणजे लाइन, लक्षात राहील, एवढाच विचार केला होता.

माझं प्लगिन काढून टाक, असं मी सांगितलं. पण कंसांच्या जोड्या तपासायला तिला तेच लागायचं. शिवाय बारा वाजता तिची नोकरीची चाचणी होती. घरूनच, याच एडिटरमध्ये कोड लिहून पाठवायचा होता.

घाईघाईत मी एलच्या जागी के टाकलं आणि फाइल तिला पाठवली. तिनं करून पाहिलं.

"ओळ वाचली," ती म्हणाली. "पन के मी वाचन थांबवायला वापरते. थांबवलं आन् ओळ गेली."

साडेअकरा होत आले होते. आणखी एखादं अक्षर शोधून काय होणार होतं? तिच्या कीबोर्डवर कुठलं बटण कशाला लागतं, हे मला ठाऊकच नव्हतं. मी माझ्या प्लगिनची सगळी बटणं काढून टाकली आणि कंस तपासायला तुला कुठलं हवं, असं तिला पहिल्यांदाच विचारलं.

"एफ आठ. ते मोकळं हाय."

नवी फाइल गेली. तिनं चार वेळा ओळ वाचायला लावली. तो यंत्राचा भरभर आवाज मला फोनमधून ऐकू येत होता. ओळी जागेवर होत्या. बाराला सहा मिनिटं कमी असताना तिनं फोन ठेवला.

मला जेवण गेलं नाही. तीनच्या पुढं तिचा फोन आला. तीनपैकी दोन प्रश्न झाले होते. ओळ गेली तर नाही ना, म्हणून ती प्रत्येक ओळ दोनदा ऐकत राहिली, त्यात तिसऱ्याला वेळ उरला नाही.

"चूक माझी होती," मी म्हटलं. ती नुसतं "व्हय" म्हणाली.

ती नोकरी तिला मिळाली नाही. तिसरा प्रश्न सुटला असता तर मिळाली असती का, हे मी तिला कधी विचारलं नाही.