वहिनींचं प्रथिन

विद्येचा सन्मान करणारा समाज कधीही लयाला जात नाही. हे वाक्य आमच्या स्मृतिपुरस्काराच्या निमंत्रणपत्रिकेवर दरवर्षी असतं, त्यामुळे नेवासा तालुक्याला तूर्त धोका नाही.

पुरस्कार माझ्या दिवंगत मित्राच्या नावाने आहे. तो कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा आणि उरलेल्या वेळात ज्वारीच्या दाण्यातल्या एका प्रथिनाची रचना शोधायचा. त्यासाठी आधी प्रथिनाचे स्फटिक व्हावे लागतात. ते त्याच्या हयातीत झाले नाहीत. "दिसतं तरी कसं ते?" असं वहिनी विचारायच्या, तेव्हा तो म्हणायचा, "तेच तर बघायचंय." तो गेल्यावर वहिनींनी अशाच रचना शोधणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी हा पुरस्कार ठेवला.

यंदा पुरस्कार मिळालेल्या मुलीने नेमकं तेच प्रथिन घेतलं होतं आणि तिला त्याची रचना सापडली होती. थ्रीडी प्रिंटरवर तिने त्याची प्रतिकृती केली: निळी वेटोळी, केशरी पट्ट्या, काचेच्या पेटीत. तिचं भाषण संपलं की ती पेटी वहिनींच्या हातात द्यायची, असं ठरलं होतं. वहिनी नवा चष्मा करून आल्या होत्या.

कार्यक्रम मंगल कार्यालयात होता. पत्रिकेत छापलेले पाहुणे व्यासपीठावर बसले, मग न छापलेले आले. त्यांना खाली बसवता येत नाही, म्हणून आतून खुर्च्या येत राहिल्या. सत्कार सुरू झाले. शाली पुरल्या, नारळ पुरले, स्मृतिचिन्हं संपली. कर्जतहून आलेले एक पुढारी तेवढे उरले. सूत्रसंचालकांनी टेबलावर नजर टाकली, काचेची पेटी दिसली, त्यांनी ती उचलली. मी खुर्चीतून उठेपर्यंत फोटो निघाला होता.

"काय हाय हे?" पाहुण्यांनी विचारलं.

"मॉडर्न आर्ट, साहेब."

"लई भारी."

पाहुण्यांना पुढे एका साखरपुड्याला जायचं होतं. ते गेले, पेटीही गेली. मी सूत्रसंचालकांना गाठलं.

"सर, आता मागितलं तर वाईट दिसेल," ते म्हणाले. "पुढल्या वर्षीचा मंडप त्यांनी कबूल केलाय."

मुलीच्या वाट्याला जेवणाआधीची काही मिनिटं आली. तिने प्रथिन हवेत हातांनी काढून दाखवलं. पहिल्या रांगेतल्या वहिनी एकटक बघत होत्या. नंतर मी विचारलं, "कळलं का काही?"

"तिचे हात दिसले, भावजी."

दुसरं करून देते, असं मुलगी म्हणाली आहे. पण तिच्या संस्थेतला प्रिंटर बंद पडलाय आणि दुरुस्तीचं टेंडर निघायचं आहे. म्हणून गेल्या आठवड्यात मी स्वतः कर्जतला जाऊन आलो. पाहुण्यांनी चहा पाजला, सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"सर, सत्काराची वस्तू परत दिली तर तुमचाच अपमान हुईल," ते म्हणाले. "आमी न्हाई तसं करायचो."

संध्याकाळी वहिनींचा फोन आला.

"दिसलं का?"

"दिसलं."

"कसं आहे हो?"

निळं आहे, केशरी आहे, मुठीत मावेल एवढं आहे, असं मी सांगितलं. पेटीतून काढून त्यांनी ते टेबलावर ठेवलंय, हेही सांगितलं. वरच्या वेटोळ्यात गाडीच्या किल्ल्या अडकवलेल्या आहेत.