फिरोजभाईंचं चिमणाळं

सांगवीत एके काळी फिरोजभाईंच्या परवानगीशिवाय लग्न लागत नसे. "थांबा, लाइट येऊ द्या," असं ते म्हणाले की भटजीसुद्धा मंगलाष्टक अर्ध्यावर सोडून गप्प उभे राहायचे. बारामतीपासून इंदापूरपर्यंतच्या निम्म्या नवरदेवांना "हसा की जरा" म्हणत हसायला त्यांनीच शिकवलं. त्यांच्या शूटिंगमध्ये नवरा-नवरी कमी आणि सत्कार जास्त असायचे, पण तो दोष त्यांचा नव्हे. आपल्याकडं टोपी-टॉवेल घेताना ज्याचं तोंड कॅमेऱ्यात आलं नाही, तो पाहुणा जेवायला थांबत नाही. माझ्या लग्नाच्या सीडीत माझ्यापेक्षा दूध सोसायटीचे चेअरमन जास्त वेळ आहेत.

पुढं मोबाइल आले, ड्रोन उडवणारी पोरं आली, आणि भाईंकडं उरली ती सीड्यांनी भरलेली खोकी. लोक एक कॉपी घेऊन जायचे आणि दुसरी "नेतो सावकाश" म्हणून ठेवायचे. आपल्या भागातलं सावकाश म्हणजे काय, ते सांगायला नको. शहाजादीभाभींनी ती खोकी भंगारात द्यायचा धोशा लावला होता. तेवढ्यात त्यांची समिना बाळंतपणाला माहेरी आली, तिला मुलगी झाली, आणि भाईंनी जाहीर केलं की नातीच्या पाळण्यावर टांगायचं चिमण्यांचं चिमणाळं आपण स्वतः करणार. सीड्यांचं.

त्यांच्या कारखान्याला कच्चा माल माझ्या कापडदुकानातून जायचा, म्हणजे फुकट. सीडी गरम पाण्यात भिजवायची, कात्रीनं चिमणीचा आकार कापायचा, कडा पॉलिशपेपरनं घासायच्या आणि बाळाला लागू नये म्हणून वर माझ्या दुकानातल्या जरीच्या फितीचा गोटा शिवायचा. चिमण्या मात्र सुरेख व्हायच्या. ऊन पडलं की भिंतीवर रंग नाचायचे.

समिनानं पहिली चिमणी बघितली आणि तोंड फिरवलं.

"लोकांच्या लग्नाचा कचरा माझ्या लेकीच्या डोक्यावर नको, अब्बा. मी बारामतीतनं विकतचं आणीन."

भाई माझ्या दुकानात येऊन बसले. चहासुद्धा घेतला नाही, यावरून काय ते समजा. समिनाची खरी अढी मला ठाऊक होती. सगळ्या तालुक्याच्या लग्नात बापाचा हात दगडासारखा स्थिर, आणि नेमकी तिच्याच पाठवणीची शूटिंग हललेली. सासरी सीडी लावली तेव्हा नणंदा हसल्या होत्या. तेव्हापासून ती कॅमेऱ्याचा विषय निघाला की उठून जायची. आता हे चिमणाळं तिनं नेलं नाही तर बापलेकीतलं ते तसंच राहणार, एवढं भाईंना कळत होतं. तोंडानं ते फक्त म्हणाले, "गोटा जरा रुंद दे."

त्यात त्यांनी स्वतःवरच एक नियम लादून घेतलेला. बंद पडलेली सीडीच कापायची. चालू निघाली तर मालकाला विचारल्याशिवाय कात्री लावायची नाही. म्हणून प्रत्येक सीडी आधी जुन्या प्लेअरवर लावून बघायची. वरकुट्याच्या हिंदुरावांना फोन केला तर ते म्हणाले, "कापा की! पण एकदा लावून दाखवा." दुसऱ्या दिवशी बायकोला, शकुबाईंना, घेऊन हजर. मुलाच्या, युवराजच्या, लग्नातला काळ्याभोर केसांचा माणूस बघून हिंदुराव म्हणाले, "ह्यो कोण वं?"

"तुमीच की," शकुबाई म्हणाल्या. "आन् जरा गप बसा, माझं लुगडं येतंय आता."

शेवटी सीडी पिशवीत घालून घेऊन गेले. घरी प्लेअर नाही, पण सीडी हवी. मग लोणी भापकरची मंडळी आली. भाभी चहा करून करून वैतागल्या. "आवं, चिमण्या करायला बसलाय का थेटर काढलंय?" रोज एखादी सीडी चालू निघून एक चिमणी कमी व्हायची आणि भाई रोज नव्यानं खोकी उपसायचे.

समिना सासरी जायच्या आदल्या दिवशी मी उरलासुरला गोटा द्यायला गेलो होतो. चिमणाळं जवळजवळ झालं होतं, फक्त मधली चिमणी राहिली होती. समिना बाळाला मांडीवर घेऊन बाहेर आली आणि भाईंच्या पुढ्यात स्वतःच्या लग्नाची सीडी ठेवली.

"ही कापा. न्हायतरी माझ्या काय कामाची?"

भाईंनी सवयीनं ती प्लेअरमध्ये सारली. चालू निघाली. सगळं गाव दिसलं. मी बिर्याणीचं ताट दुसऱ्यांदा पुढं करताना दिसलो, तेही जवळून. ही मेहेरबानी त्यांनी मुद्दाम केली असणार.

"सगळी हायती," समिना म्हणाली. "तुमी कुठं हायसा?"

"मी दिसत नसतो. मी दाखवतो."

पाठवणी आली. समिना भाभींच्या गळ्यात पडली आणि चित्र हललं. आधी थोडं, मग इतकं की माणसं ओळखू येईनात. भाई घाईनं रिमोट शोधू लागले. "हितं जरा फॉल्ट हाय. पुढं घेतो."

"फॉल्ट कसला वं?" भाभी स्वयंपाकघरातून कडाडल्या. "रडत व्हता की तुमी! कॅमेरा सोडा म्हणलं, तर सोडंना. लेकीचं शूटिंग ऱ्हाईल म्हणं. निस्ता हुंदकं देत हुबा ऱ्हायला ह्यो माणूस."

भाईंनी मान खाली घातली आणि रिमोटची बटणं पुसू लागले. मी उगीच गोट्याची गुंडाळी करत बसलो.

समिनानं त्यांच्या हातातला रिमोट काढून घेतला. चित्र मागं नेलं आणि ते हललेलं पुन्हा बघितलं. मग पुन्हा एकदा. बाळाला तिनं बापाच्या मांडीवर दिलं आणि खुर्चीवर चढून चिमणाळं स्वतः पाळण्याला बांधलं. मधली जागा रिकामीच ठेवली.

दुसऱ्या दिवशी गाडीत बसताना ते तिनं मांडीवर घेतलं, डिकीत ठेवू दिलं नाही. भाईंनी खिडकीतून सीडी पुढं केली. "ही ऱ्हायली. पण तिकडं आता प्लेअर न्हाय तुझ्याकडं."

"म्हणून तर हितं ठेवलीय," समिना म्हणाली. "बघावंसं वाटलं की येत जाईन."